पेट्यांचा उतरता भाव

थोरल्याने दूधवाल्याला पाचशे सोडले आणि तिथून सगळं बिघडलं.

दूधवाल्याची आई पहाटे गेली होती. तो सायकलवरच्या रिकाम्या किटल्यांसकट दुकानात आला आणि शवपेटीचे सहा हजार ऐकून नुसता उभा राहिला. थोरला पेट्यांचा धंदा करत असला तरी माणूस मऊ होता, शिवाय घरातलं दूध रोज त्याच माणसाकडून यायचं. "साडेपाच दे," तो म्हणाला, "पण कुणाला बोलू नकोस." आता दूधवाला म्हणजे रोज सकाळी दोनशे दारं वाजवणारा माणूस. त्याने कृतज्ञतेने दोनशे दारांत ही गोष्ट सांगितली.

धाकट्या भावाला मात्र ती दूधवाल्याकडून कळायची गरज पडली नाही. तो भिंतीपलीकडेच होता, आणि भिंत म्हणजे तरी काय, प्लायवूडचं पार्टिशन. या दोघांच्या बापाने चाळीस वर्षं हा कारखाना चालवला. हात थरथरायला लागल्यावर त्याने मधोमध प्लायवूड ठोकलं, दोघांना एकेक दार, एकेक करवत आणि एकेक रंधा दिला आणि स्वतः वर माळ्यावर जाऊन राहिला. समोर दवाखाना असल्यामुळे जागा मोक्याची होती. मागच्या खोल्यांत दोघांचे संसार होते आणि स्वयंपाकघर एकच होतं, कारण दोघी जावांचं एकमेकींशी बरं चाललं होतं. त्या घरात तेवढं एक बरं चाललं होतं म्हणा.

वाटणी करताना म्हाताऱ्याने एक अट घातली होती. "धंदा तुमचा, पण जागा माझी," तो म्हणाला होता. "मी मेल्यावर ज्याच्या पेटीतून मला नेतील, त्याची ही जागा. दुकानं, मागच्या खोल्या, सगळं. कुणाची पेटी, ते मी मरायच्या आधी ठरवीन." मग त्याने वीस वर्षं मुरवलेल्या सागवानाच्या सहा-सहा फळ्या दोघांना मोजून दिल्या. "या माझ्यासाठी. यांना दुसऱ्या कशासाठी करवत लावायची नाही."

तर दूधवाल्याच्या आईला नेलं त्या दुपारी दोघे भाऊ जेवायला समोरासमोर बसले.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "दादाला विचारा, गिऱ्हाईक पळवायचं होतं तर सरळ सांगायला काय झालं होतं?"

"ते समोरच बसलेत भाऊजी. तुम्हीच विचारा."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

थोरला ताटातला भात कालवत राहिला. तो म्हणाला असता की त्या माणसाची आई गेली होती रे, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण थोरल्यालाही राग आला होता, आणि या घरातले पुरुष राग आला की मिठाची गुळणी धरत. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या दारावर पाटी लागली: 'पेटी पाच हजार. कड्या फुकट.' थोरल्याने ती वाचली, आत गेला, खडू घेऊन आला आणि आपल्या दारावर लिहिलं: 'साडेचार. कड्या आणि पॉलिश फुकट.' जेवणाच्या वेळेपर्यंत भाव चारवर आला होता आणि दिवे लागेपर्यंत साडेतीनवर.

वरची खिडकी उघडली. म्हातारा डोकं बाहेर काढून म्हणाला, "अरे, इथे आठवड्याला चार माणसं जातात. तुम्ही भाव उतरवलात म्हणून पाचवा कोण मरणार आहे?"

दोघांनी वर पाहिलं. बाबा दुसऱ्याला रागावताहेत, अशी दोघांचीही खात्री पटली.

पण बोलणं धाकट्याच्या डोक्यात राहिलं. मेलेली माणसं वाढत नसतील तर जिवंत माणसं गाठावीत, हे त्याला सुचलं. त्याने नवी पाटी केली: 'आज घ्या, लागेल तेव्हा वापरा. तीन हजार.' पहिले दोन दिवस लोक पाटी वाचून हसले. तिसऱ्या दिवशी निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांनी बूट काढले, पेटीत आडवे झाले, "खांद्यात जरा आवळतेय," म्हणाले आणि दुसऱ्या पेटीत आडवे झाले. ती इतकी पसंत पडली की पार्टिशनपलीकडे थोरल्याला त्यांचं घोरणं ऐकू आलं. त्याने तिथल्या तिथे स्वतःच्या पाटीवर 'अठ्ठावीसशे' लिहिलं आणि खाली 'झोपून बघा' हेही लिहिलं.

मग मात्र झुंबड उडाली. सहा हजारांची वस्तू निम्म्याहून कमी भावात मिळते म्हटल्यावर तिची आपल्याला घाई आहे की नाही, याचा विचार कोण करतो? दोन महिन्यांत निम्म्या शहराच्या घरी पेटी गेली. कुणी तिच्यात गाद्या ठेवल्या, कुणी कांदे-बटाटे. मुख्याध्यापकांनी ती उभी करून पुस्तकं लावली. एका घरात तर पाहुण्यांना बसायला तीच होती, वर दोन उशा टाकून. दोघे भाऊ सकाळपासून रंधा मारत होते, अंगावर भुसाच भुसा, आणि दोघांना वाटत होतं आपण जिंकतोय.

मग माणसं मरायला लागली. म्हणजे नेहमीसारखीच, आठवड्याला चार. दवाखान्यात कुणी गेलं की दोघे आपापल्या दारात गळ्यात टेप अडकवून उभे राहत. एका सकाळी एका बाईंची दोन मुलं रडत बाहेर आली. थोरल्याने पाऊल पुढे टाकलं, धाकट्यानेही टाकलं.

"आमच्याकडे आहे हो पेटी," मोठा मुलगा डोळे पुसत म्हणाला. "गाद्या काढल्या की झालं."

त्या आठवड्यात चौघांच्या घरी पेट्या निघाल्या. पुढच्या आठवड्यातही चौघांच्याच. महिनाभर दोन्ही दुकानांत मिळून एक पेटी विकली गेली, तीही परगावाहून आलेल्या एका माणसाला, ज्याला इथले भाव माहीत नव्हते आणि ज्याने बिचाऱ्याने घासाघीसही केली नाही.

शहाणा माणूस इथे थांबला असता. हे दोघे इरेला पेटले होते. धाकट्याने बावीसशे केले. आता बावीसशेत लाकूडसुद्धा येत नव्हतं. थोरल्याने रात्रभर हिशेब केला आणि सकाळी बायकोच्या भावाला, म्हणजे आपल्या मेहुण्याला, बोलावून घेतलं.

"त्याच्या दहा पेट्या तू विकत घे. कुणासाठी म्हणून विचारलं तर घर मोठं आहे म्हणून सांग."

"आणि मग?"

"मी पॉलिश खरवडून एकवीसशेला विकतो."

"दाजी, बावीसला घेऊन एकवीसला?"

"मी स्वतः बनवली तर पेटीमागे चारशे जातात. त्याची घेऊन विकली तर शंभरच जातात." मेहुण्याने थोडा वेळ विचार केला, आणि त्याला त्यात काही चूक सापडेना, याचीच त्याला भीती वाटली.

धाकट्याच्या डोक्यात तोपर्यंत हाच हिशेब येऊन गेला होता. त्यालाही मेहुणा होताच. पुढचे तीन आठवडे पेट्या एका दारातून निघत, दवाखान्याला वळसा घालत आणि दुसऱ्या दारातून आत येत. नव्या पेट्या कुणी बनवत नव्हतं. कोपरा उडालेली एक पेटी दोन्ही दुकानांतून तीनदा फिरली. शेवटी दोन्ही मेहुणे एकाच हातगाडीवाल्याकडे एकाच वेळी पोहोचले आणि हातगाडीवाल्यानेच विचारलं की साहेब, यांची अदलाबदल इथेच केली तर नाही चालणार का? तेव्हा ते बंद पडलं.

आता दोघांच्याही हातात काही उरलं नव्हतं. थोरलीने दूध अर्ध्यावर आणलं. धाकटीने मुलांची शाळेची बस बंद केली. दोघी एकाच चुलीशी उभ्या राहून एकाच घराची पडझड दोन्ही बाजूंनी बघत होत्या, आणि आपापल्या नवऱ्याला सांगून सांगून दोघींचे घसे बसले होते. थोरला फळबाजारात गेला आणि फुटक्या खोक्यांच्या फळ्या वजनावर घेऊन आला. धाकटा तिथे आदल्या दिवशीच जाऊन आला होता. त्या फळ्यांना घट्ट पॉलिश मारलं की लांबून बरी पेटी दिसायची. जवळून बघायला तसंही कुणाला सुचत नसतं अशा वेळी.

आणि मग पाववाला गेला.

पाववाला म्हणजे दारातून तिरका होऊन आत येणारा माणूस. थोरल्याला माणूस नुसता बघून माप कळायचं, ती त्याची तीस वर्षांची सवय होती. सहा फूट दोन, सव्वाशे किलो. पेटीवर हात ठेवल्या ठेवल्या त्याला कळलं की हा तळ टिकायचा नाही. पण अठराशेत जाड फळी कुठून द्यायची? त्याने चार खिळे जास्त मारले आणि डोळे मिटून पेटी दिली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तळ सुटला. सहा जणांच्या हातांत नुसती चौकट राहिली आणि पाववाला तिसऱ्या पायरीवर, हात छातीवर घेतलेले तसेच. निखळलेली फळी त्याच्याजवळ उलटी पडली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'सफरचंद. ओलाव्यापासून जपा.'

कुणी हसलं नाही. पाववाल्याची बायको पायरीवर त्याच्याशेजारी बसली आणि त्याचे विस्कटलेले केस नीट करत राहिली.

"मीच म्हटलं होतं, स्वस्तातली बघा म्हणून," ती थोरल्याला म्हणाली. "पाव जरा कच्चा राहिला तर अख्खी भट्टी फेकून द्यायचा हा. त्याला नसतं आवडलं."

थोरल्याने पैसे परत द्यायला हात पुढे केला, तर तिने नुसती मान हलवली. तो दुकानात गेला, दार लावून घेतलं आणि भुशात बसून रडला. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. उद्यापासून सहा हजार, चांगलं लाकूड, येईल तो येईल नाही तो नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं. तोंड धुऊन बाहेर आला तर धाकट्याच्या दारावर नवी पाटी होती: 'आमच्या पेटीला तळ आहे. पंधराशे.'

थोरल्याने खडू उचलला आणि 'चौदाशे' लिहिलं.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने दोघांना माळ्यावर बोलावलं. पायऱ्यांवरचं सगळं त्याने खिडकीतून पाहिलं होतं. तो पाववाल्याबद्दल काहीच बोलला नाही.

"माझ्या फळ्या आहेत ना?"

"आहेत बाबा," थोरला म्हणाला.

"आहेत की," धाकटा म्हणाला.

थोरल्याने त्या फळ्या फर्निचरवाल्याला विकल्या होत्या, बिनधंद्याच्या महिन्यात. धाकट्याच्या फळ्यांचं एका हॉटेलात गल्ल्याचं काउंटर झालं होतं. दोघांनाही फक्त स्वतःचं खोटं माहीत होतं आणि वेळ येईपर्यंत आपण नव्या फळ्या आणू, असं दोघांनीही ठरवलं होतं. म्हातारा दोघांच्या चेहऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "जा."

पाच महिन्यांनी, एका दुपारी, धाकटी चहा घेऊन वर गेली तर म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. कुणाची पेटी, ते त्याने सांगितलं नव्हतं. धाकटी जिन्यातूनच ओरडली. दोघे भाऊ धावत वर आले, बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडले, अगदी मनापासून रडले, आणि मग दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की आपल्याकडे फळ्या नाहीत.

दोघे खाली धावले. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी हातोड्यांचा आवाज सुरू झाला. मागच्या खोल्या, दुकान, मुलांच्या डोक्यावरचं छप्पर, सगळं एका पेटीवर आलं होतं आणि बनवायला होती फक्त फळांची खोकी. थोरल्याने त्यातल्या त्यात बऱ्या फळ्या निवडल्या. खिळा ठोकला की फळी चिरायची. पलीकडेही फळ्या चिरत होत्या, ते ऐकू येत होतं. दोन तासांनी दोघांनी आपापली पेटी दाराबाहेर ओढली आणि दोघांनीही समोरच्या पेटीकडे पाहिलं.

"तुझ्या फळ्या?" थोरला म्हणाला. वर्षभरात भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

"तुझ्या?"

तेवढ्यात दारात एक टेम्पो येऊन थांबला.

टेम्पोतून पलीकडच्या शहरातला पेटीवाला उतरला. साठीचा, जाड भिंगांचा चष्मा. म्हाताऱ्याशी त्याची जुनी ओळख होती, धंद्यातली असते तेवढी. त्याने दोन माणसांच्या मदतीने सागवानी पेटी खाली घेतली आणि तिच्यावरची चादर काढली.

"हा कुणी बोलावला?" धाकट्याने विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. "मामंजींनी फोन नंबर देऊन ठेवला होता. म्हणाले, मी गेलो की आधी इथे फोन लाव, मग रड."

"आणि बसमध्ये मी बसवून दिलं होतं त्यांना," थोरली म्हणाली. "डोळे दाखवायला जातो म्हणाले. मला काय माहीत."

धाकटा पेटीजवळ गेला. त्याने कडेवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

"दादा, सांधा सापडत नाहीये."

"नाही सापडायचा," थोरला म्हणाला. "किती घेतलेत हो याचे?"

"मी आठ सांगितले होते," पेटीवाला म्हणाला. "तुमच्या वडिलांनी आत झोपून बघितलं, सांधे बघितले आणि नऊ ठेवले. मी नको म्हणत होतो."

म्हाताऱ्याला त्याच पेटीतून नेलं. ती जड होती आणि खांदा देणाऱ्या सहा जणांपैकी कुणालाही तळ सुटेल म्हणून खाली बघत चालावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील कागद घेऊन आला. त्याने अट वाचून दाखवली: ज्याच्या हातच्या पेटीतून मला नेतील, जागा त्याची.

"पण ते आमच्या दोघांपैकी असणार ना?" धाकटा म्हणाला.

वकिलाने कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "तसं कुठे लिहिलेलं नाही. मी त्यांना कागद करतानाही विचारलं होतं, आणि ते पेटी ठरवून आल्यावर पुन्हा विचारलं. राहू दे तसंच, म्हणाले."

पलीकडच्या शहरातल्या पेटीवाल्याला निरोप गेला. तो दुपारी आला तेव्हा त्याचाच चेहरा चोरी केल्यासारखा झाला होता. "मला यातलं काही ठाऊक नव्हतं," तो तीनतीनदा म्हणाला. त्याने दोन्ही दुकानं पाहिली, खोक्यांच्या फळ्या पाहिल्या, दारांवरच्या पाट्या वाचल्या. मागच्या खोल्यांच्या दारात दोघी जावा उभ्या होत्या, मुलं त्यांच्या मागे. तो बाहेर आला आणि चष्मा पुसत राहिला.

"कुणाला रस्त्यावर काढायला मी आलेलो नाही," तो म्हणाला. "पण मला माझं तिकडचं दुकान आहे. इथे माणूस ठेवायला लागेल आणि तो एकच परवडेल. आठवड्याला चारच जातात ना इथे? कामावर राहील तो मागच्या खोल्यांत राहील. तुम्हीच दोघांनी बसून ठरवा कोण ते. हात दोघांचाही चांगला आहे, असं तुमचे वडीलच म्हणाले होते."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा चांगलं म्हणाले होते, हे त्याला आज कळत होतं. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. एक क्षण दोघींनाही वाटलं, आता हे दोघे मिळून काहीतरी शहाणपणाचं बोलतील. दोघांत एक नोकरी वाटून घेऊ, म्हणतील. एकत्र राहू, म्हणतील.

"पगार काय द्याल?" थोरल्याने विचारलं.

"तुम्ही सांगा."

"अठरा हजार."

"सतरा," धाकटा म्हणाला.

थोरल्याने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "सोळा."

"पंधरा. आणि पॉलिश मी करीन, वेगळा माणूस नको."

पेटीवाला वीस हजार द्यायचे ठरवून आला होता. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग एक स्टूल ओढून घेतलं, त्यावरचा भुसा झटकला आणि ऐकत बसला.